डब्यातले ४,१०० रुपये: घरच्या धंद्याची योजना वहीत कशी लिहावी

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून मी चकली विकायला लागले तेव्हा योजना म्हणून माझ्याकडे एकच कागद होता, फ्रिजला चुंबकाने लावलेली ऑर्डरींची यादी. पहिल्या दिवाळीत तीन आठवड्यांत ९८ किलो चकली गेली, ३२० रुपये किलोने. येणारे पैसे मी हळदीच्या बरणीमागच्या स्टीलच्या डब्यात टाकायचे. तेल, डाळी, मदतीला येणाऱ्या मावशींचे पैसे, सगळं त्याच डब्यातून जायचं. भाजणी आणि तेल मिळून किलोला शंभर-सव्वाशे, म्हणजे सुटले दोनशे, म्हणजे ९८ किलोंचे वीस हजार कुठे जात नाहीत, असा माझा तोंडी हिशोब. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी डबा उपडा केला. ४,१०० रुपये निघाले.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मी हात लावलेला नाही." माझा विश्वास बसला नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ते पैसे कुठे गेले हे मला संक्रांतीनंतर कळलं, मुलीच्या अर्ध्या कोऱ्या राहिलेल्या शंभरपानी वहीत. ती वही म्हणजेच माझा बिझनेस प्लॅन. नव्याने सुरू करणाऱ्यांनी ती माझ्यासारखी उशिरा लिहू नये, म्हणून पानापानाने सांगते. उदाहरण चकलीचं आहे, कारण मला तेच येतं. शिवणकाम, शिकवणी, डबे, केक, मेंदी, काहीही असलं तरी पानं तीच राहतात.

आधी थोडं, वही का हवी ते

मेनरोडवरच्या दुकानदाराला महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडं भरावं लागतं, पोऱ्याला पगार द्यावा लागतो. धंदा तोट्यात गेला की त्याला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात समजतं, कारण भाड्याला पैसे कमी पडतात. घरच्या धंद्यात तोटा असा समोर येत नाही. घर तो गिळून टाकतं. मिठाचा पुडा घरातला, वीजबिल घरचं, पाकिटांना लेबल लावायला सासूबाई, पोचवायला नवऱ्याची स्कूटर, आणि रात्री साडेअकरापर्यंत उभी राहणारी तुम्ही, तिचे पैसे कोणीच मोजत नाही. वर्षानुवर्षं तोट्यात चाललेला घरगुती धंदा "छान चाललाय हो" म्हणून चालू राहतो. दुकानापेक्षा घराला वहीची गरज जास्त आहे ती यासाठी.

दुसरं कारण साधं आहे. डोक्यातली योजना रोज बदलते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कागदावरची बदलायची तर खोडावं लागतं. शिवाय कागद घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचता येतो. माझ्या वहीत पहिली चूक नवऱ्याने काढली.

संगणकावर करायचं असेल तर जरूर करा. पण पहिली वेळ हाताने लिहा, पेन्सिलने.

पहिलं पान: काय विकणार आणि कोणाला

इथे दोन वाक्यं पुरतात, पण ती लिहायला मला चार दिवस लागले. "नाशिककरांना घरगुती चवीचे पदार्थ" असलं काही लिहू नका. त्यातून काहीच ठरत नाही. नाशिक म्हणजे एक गिऱ्हाईक नव्हे. गंगापूर रोडवरच्या, दोघंही नोकरी करणाऱ्या घराला पाव किलोचं नीट पॅक केलेलं पाकीट हवं असतं आणि ते भाव फारसा विचारत नाहीत. अंबड-सातपूरच्या कारखान्यात काम करणारा, खोली करून राहणारा मुलगा पगाराच्या आठवड्यात अर्धा किलो घेतो, वीस तारखेनंतर फिरकत नाही. नाशिकरोडला सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले काका-काकू दोन किलो सांगतात आणि "मागच्या वेळी खुसखुशीत होती तशी" म्हणून बजावतात. तिघांचा भाव वेगळा, पाकीट वेगळं, पोचवायचा खर्चही वेगळा.

माझं वाक्य शेवटी असं झालं: "इंदिरानगर, सिडको आणि पाथर्डी फाटा इथल्या घरांना भाजणीची चकली आणि उपवासाची भाजणी, पाव आणि अर्ध्या किलोच्या पाकिटात, बारा महिने." यातला "इथल्या" हा शब्द महत्त्वाचा आहे. गिऱ्हाईक नाशिकरोडचं असलं की एका किलोसाठी द्वारका चौकात अर्धा तास अडकावं लागतं. तो अर्धा तास गिऱ्हाइकाकडून वसूल होत नाही.

याच पानावर खाली लिहा: हेच अजून कोण विकतं, आणि माझ्याकडून का घ्यावं. चिवडा मी यादीतून इथेच कापला. चिवड्यासाठी नाशिकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावलेली दुकानं असताना सिडकोतल्या दोन खोल्यांमधून त्यांच्याशी टक्कर घ्यायची मला गरज वाटली नाही.

दुसरं पान: एका किलोचा खरा खर्च

हे पान सगळ्यात मोठं. बाकीची घाईत लिहिली तरी चालतील, हे बसून लिहा. शक्यतो प्रत्यक्ष एक घाणा काढताना, शेजारी वजनकाटा आणि घड्याळ ठेवून. अंदाजाने लिहिलेला खर्च नेहमी कमी निघतो.

मी संक्रांतीनंतरच्या शनिवारी पाच किलोंचा घाणा घातला. कढईत तेल ओतण्याआधी मोजलं, काम संपल्यावर परत मोजलं. सोऱ्या हातात घेतल्यापासून शेवटचं पाकीट बंद होईपर्यंत चार तास गेले, मी आणि मावशी दोघींचे. मग किलोवर आणलं. भाव माझ्या वहीतले, तेव्हाचे आहेत. तुम्ही तुमचे घाला.

तयार चकलीत जवळजवळ एकतृतीयांश तेलच असतं. म्हणजे किलोभर चकलीला भाजणी लागली ७०० ग्रॅम, दळणाच्या पैशांसकट ६५ रुपये. चकलीने पिऊन टाकलेलं तेल ३०० ग्रॅम, ४८ रुपये. इथपर्यंत माझा जुना तोंडी हिशोब बरोबर होता: ११३. पुढचं मी कधी धरलंच नव्हतं. कढईत उरलेलं, दोनदा तापून काळं पडलेलं आणि टाकून द्यावं लागणारं तेल, किलोमागे २० रुपये. तीळ, ओवा, तिखट, हिंग, मोहन, आणखी २०. गॅस २५. पाव किलोच्या चार पिशव्या आणि लेबलं २०. झाले १९८.

मग तुटकी. पाच किलोंत चारशे ग्रॅम चकल्या तुटल्या, म्हणजे शेकडा आठ. त्या विकता येत नाहीत, घरात भडंगात जातात, मुलं खूश. पण त्यांनाही तेल आणि भाजणी लागलेलीच असते. किलोमागे १६ रुपये त्यांचे. २१४ झाले. पोचवायचा सरासरी खर्च १५. एकूण २२९.

विकत होते ३२० ला. राहिले ९१.

मावशींना तासाला ६० रुपये देत होते. पाच किलोंना त्यांचे चार तास, म्हणजे किलोमागे ४८ मिनिटं, ४८ रुपये. ९१ मधून ४८ गेले, राहिले ४३. तेवढीच ४८ मिनिटं माझीही लागली होती. भागाकार केला तर माझी मजुरी तासाला ५४ रुपये आली. धंदा माझा, भाजणी माझी, हात पोळलेले माझे, आणि मावशींना माझ्यापेक्षा तासाला सहा रुपये जास्त मिळत होते.

मग मी ९८ ला ४३ ने गुणलं. ४,२१४.

डब्यात ४,१०० होते. नवऱ्याने खरंच हात लावला नव्हता. वरचे शंभर-सव्वाशे कुठे गेले ते मी विचारलं नाही.

या पानावर तुमच्या स्वतःच्या वेळेचा दर लिहायचा विसरू नका. "मी घरचीच आहे, माझे कसले पैसे" हे वाक्य मी आमच्या बचत गटात प्रत्येक दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकलं आहे. निदान तेच काम करायला बाहेरून माणूस बोलावलं तर त्याला जे द्याल तेवढा दर धरा. मी माझा ६० च धरला. मग ३२० च्या भावात किलोमागे पाच रुपये तोटाच निघाला. म्हणजे जितकी जास्त चकली विकली तितकी घराला जास्त खार लागली.

भाव ४०० केला. त्या वेळी माझी ६२ नेहमीची घरं होती, त्यातली ११ तुटली. वहीत आकडा नसता तर पहिल्या फोनवरच मी माघार घेऊन "बरं, तुमच्यासाठी ३२०" म्हटलं असतं. मला चांगलं माहीत आहे.

तिसरं पान: घराला किती झेपतं

हे पान घरातल्या सगळ्यांना बसवून लिहा. ओटा किती वाजता मोकळा असतो? मुलांच्या परीक्षा कधी? तळणाचा वास आणि धूर कोणाला चालत नाही? कच्चा माल कुठे राहील, पलंगाखाली की माळ्यावर? पावसाळ्यात भाजणीला ओल लागते, मुंग्या येतात. आमच्याकडे सकाळी साडेदहा ते अडीच हीच वेळ ओट्याची. त्यात एक घाणा, पाच किलो. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर १२५ किलो ही माझी कमाल. त्यावर ऑर्डर आली की "नाही" म्हणायचं, हेही लिहून ठेवलं. दिवाळीत ते पाळलं जात नाही, पण निदान मोडताना समजतं.

चौथं पान: किती विकलं की बरोबरी (ना नफा, ना तोटा)

चकली एकही विकली नाही तरी होणारा महिन्याचा खर्च लिहा: पाकीट बंद करायच्या मशीनचा हप्ता, फोन, विजेचा धंद्यातला वाटा, परवान्याच्या वर्षाच्या फीचा बारावा हिस्सा, स्कूटरची देखभाल. माझे ४,५०० होत होते. ४०० च्या भावात सगळा खर्च, मावशींची आणि माझी मजुरी वजा जाता किलोमागे ७५ उरतात. ४,५०० भागिले ७५, म्हणजे महिन्याला ६० किलो. पंचवीस दिवसांत रोजचे दोन किलो चारशे ग्रॅम.

हा एक आकडा मिळाल्यावर मला फार बरं वाटलं. तोवर "चाललंय का?" या प्रश्नाला मी "हो, बऱ्यापैकी" म्हणायचे. आता दर पंधरवड्याला तीस किलोंची रेघ मारते आणि रेघेच्या वर आहे की खाली ते बघते.

पाचवं पान: बारा महिन्यांचा पट्टा

आडवी वही धरून बारा रकाने आखा. इंग्रजी महिन्यांखाली मराठी महिने लिहा, कारण फराळाचं गिऱ्हाईक पंचांगावर चालतं. एप्रिल-मे म्हणजे वाळवणं. नाशिकचं ऊन तेव्हा कडक असतं, गच्चीवर कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळतात, आणि मृगाच्या आधी सगळं डब्यात गेलं पाहिजे. आषाढात तळणाची प्रथा, त्यामुळे चकलीला बरी मागणी. श्रावणात आणि नवरात्रात उपवासाची भाजणी. पितृपक्षात माझ्याकडे जवळजवळ शुकशुकाट असतो. पहिल्या वर्षी मी घाबरून भाव उतरवला होता. आता त्या पंधरा दिवसांत भांडी घासून काढते आणि दिवाळीची भाजणी भाजते.

प्रत्येक रकान्यात दोन आकडे लिहायचे: या महिन्यात पैसे किती जातील, किती येतील. दिवाळीचा घोळ इथेच दिसतो. दीडशे किलोंची ऑर्डर घेतली तर साधारण तीस हजारांचा माल आधी भरावा लागतो, तोही दसऱ्याच्या आगेमागे, कारण पुढे तेल आणि डाळी चढतात. रविवार कारंजाकडच्या घाऊक दुकानात नव्या माणसाला उधारी मिळत नाही. मिळू नयेही. विक्रीचे साठ हजार मात्र पाडव्यानंतर हळूहळू जमतात. एका दुकानाने माझे नऊ किलोंचे पैसे चंपाषष्ठी उलटल्यावर दिले, तेही चार फोन केल्यावर. नफा असूनही हातात पैसा नाही, अशी महिना-दीड महिन्याची दरी पडते. बरेच घरगुती धंदे या दरीतच सोन्याची बांगडी गहाण ठेवतात.

माझा उपाय: घरच्या गिऱ्हाइकांकडून निम्मे पैसे आगाऊ. साठ हजारांचे निम्मे तीस, म्हणजे किराण्याचं बिल निघतं. सुरुवातीला मागायची लाज वाटते. मी आगाऊ देणाऱ्यांना पहिल्या घाण्याची चकली द्यायचं कबूल केलं. लोकांनी खुशीने दिले.

आता सिंहस्थ कुंभमेळ्याबद्दल. २०२६ च्या ३१ ऑक्टोबरला ध्वजारोहण आणि २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, ११ सप्टेंबरला नाशिकची अमृतस्नानं जाहीर झाल्यापासून मला ज्या-ज्या नवशिक्यांच्या योजना बघायला मिळाल्या, त्यात एक वाक्य हमखास असतं: "कुंभमेळ्यात लाखो भाविक येणार." येतील ना. पण ते रामकुंडाकडे जातील, तुमच्या पाथर्डी फाट्याच्या तिसऱ्या मजल्यावर नाही. २०१५ च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या दिवशी रस्ते बंद होते, बॅरिकेड होते. पंचवटीत राहणाऱ्या माझ्या नणंदेला त्या दिवशी दूध आणायला वळसा घालावा लागला. पर्वणीच्या दिवशी तुमचा माल पोचणार कसा, हे आधी लिहा. आणि सिंहस्थाची कमाई वेगळ्या पानावर ठेवा, मुख्य पट्ट्यात मिसळू नका. तो बारा वर्षांतून एकदा येतो, हप्ता दर महिन्याला. मुक्कामी येणाऱ्या नातेवाइकांमुळे घरोघरी फराळाची मागणी वाढेल, एवढंच मी धरलं आहे, आणि तेही हात राखून.

सहावं पान: कागदपत्रं

हे पान लोक सगळ्यात आधी लिहितात, किंवा एजंटाकडून करून घेतात. खरं तर काम फार नाही.

खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते, घरातून विकला तरी. लहान व्यवसायांसाठी साधी नोंदणी असते, फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. मिळणारा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. सोबत पदार्थाचं नाव, घटक, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅक केल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते, आणि तुमचं नाव-पत्ता. टिकण्याचे दिवस अंदाजाने छापू नका. मी प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख घालून कपाटात ठेवते आणि आठवड्याने एकेक चकली मोडून बघते. पावसाळ्यात पस्तिसाव्या दिवशी खवट वास आला, म्हणून लेबलवर ३० दिवस.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधार क्रमांकावर, ऑनलाइन, आणि पूर्णपणे मोफत होते. सरकारीसारख्या दिसणाऱ्या पानावर कोणी हजार-दीड हजार मागितले तर ते पान सरकारी नाही असं समजा. माझ्या बहिणीचे असे गेले.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. त्याची पावती मिळते, बँकेत चालू खातं उघडायला कामाला येते. आणि चालू खातं उघडाच. स्टीलच्या डब्याचं काय होतं ते वर सांगितलं.

जीएसटी नोंदणीची मर्यादा माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांची विक्री, सेवा देणाऱ्याला २० लाखांची, त्यामुळे बहुतेकांना लगेच काळजी नाही. मात्र राज्याबाहेरच्या गिऱ्हाइकाला माल विकून पाठवायचा तर ही मर्यादा धरत नाहीत, आधी नोंदणी घ्यावी लागते. पुण्याला पार्सल चालेल, बेंगळुरूला नाही.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो, आणि तो महाग असल्याने दुसऱ्या पानावरचा गॅसचा आकडा त्याच्याच भावाने धरा. आणि सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरींशी आधी बोला, जमल्यास लेखी घ्या. आमच्या इमारतीत पहिली तक्रार तळणाच्या वासाची नव्हतीच, डिलिव्हरीवाल्या मुलांनी जिन्यात लावलेल्या गाड्यांची होती.

सातवं पान: कर्ज घ्यायचं झालं तर

न घेता सुरू करता येत असेल तर न घेता करा, हे माझं मत. सहा महिन्यांचे खरे आकडे हातात आल्यावर बँकेत जा. मी उलटं केलं. वही लिहायच्या आधी, मोठी कढई आणि मशीनसाठी एकाकडून "प्रोजेक्ट रिपोर्ट" करून घेतला, अडीच हजार देऊन. चाळीस पानं, रंगीत आलेख. बँकेतल्या बाईंनी तो चाळला आणि एकच विचारलं, "दिवसाला किती किलो काढता?" मला सांगता येईना. मग त्यांनी अकराव्या पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, "सदर युनिट जळगाव येथे असून केळी वेफर्सचे उत्पादन करते."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा रिपोर्ट सात पानांचा होता, वहीतून उतरवलेला. प्रश्न वीस आले, उत्तरं सगळी माझ्याकडे होती.

मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, तारणाशिवाय. घरच्या धंद्याला बहुधा शिशुच पुरतं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं कर्जाला जोडलेलं अनुदान ठेवलं आहे. स्वतःचे निदान १० टक्के घालावे लागतात. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, महिलांना शहरी भागात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आहे, पण ते हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. पट्ट्यात ते "येणारे पैसे" म्हणून लिहू नका. योजनांच्या मुदती आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी सातपूरला आयटीआय सिग्नलजवळच्या उद्योग भवनात, जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारा. वही बरोबर न्या. वही घेऊन आलेल्या माणसाला टेबलामागचा माणूस जरा सरळ बसून उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे.

हप्ता ठरला की तो चौथ्या पानावरच्या खर्चात मिळवा आणि भागाकार पुन्हा करा. माझ्या आकड्यांत महिन्याला १,५०० रुपयांच्या हप्त्याने बरोबरी ६० वरून ८० किलोंवर गेली. क्षमता १२५ ची होती म्हणून सही केली.

आठवं पान: कधी थांबायचं

हे मला नवऱ्याने लिहायला लावलं. मी तयार नव्हते. सुरू करायच्या आधीच बंद करायचं काय लिहायचं, अपशकुन वाटला. पण त्याचा मुद्दा असा की एकदा मन गुंतलं की आकडा दिसत नाही, म्हणून आता, डोकं थंड असताना लिही. तर लिहिलं: घरातले जास्तीत जास्त ४० हजार यात घालायचे, त्यापुढे एक रुपया नाही. लागोपाठ चार महिने (पितृपक्षाचा महिना सोडून) बरोबरीच्या खाली गेलो तर पदार्थ किंवा भाव बदलायचा. बदलूनही पुढचे तीन महिने तसेच गेले तर बंद. खाली दोघांच्या सह्या, तारीख.

वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उघडायची, दुपारच्या जेवणानंतर, टीव्ही बंद करून. अर्धा तास लागतो. ठरवलेला आकडा पेन्सिलने, झालेला शाईने, शेजारी शेजारी. फरक मोठा असेल तिथे एका ओळीत कारण लिहा. "तेल १२ रुपयांनी चढलं." "मुलीची दहावी, आठ दिवस घाणा नाही." "पाऊस, भाजणीला ओल, दोन किलो फेकली." वर्षभराने या ओळी वाचल्या की पुढच्या वर्षीचा पट्टा आखायला अर्धाच वेळ लागतो.

या वर्षी मार्चच्या रविवारी शंकरपाळीचं दुसरं पान उघडलं. किलोला १.३ तास, मैदा-तूप-साखर चढलेली, आणि भाव वाढवला की लोक बेकरीत जातात. चार महिने रेघेखाली होती. भाव बदलून पाहिला, मग साचा बदलून पाहिला, आणखी तीन महिने गेले. सह्या केलेल्या होत्याच. शंकरपाळीवर काट मारली. समोरच्या काकू अजून जिन्यात भेटल्या की विचारतात, "अगं, शंकरपाळी कधी करणार?" मी म्हणते, "काकू, चकली घेऊन जा."